गुलमोहर वादळात आधी का पडतो? नांदेड-लातूरमध्ये वाऱ्यात टिकणारी फुलांची झाडं कशी निवडायची

मे महिना आला की नांदेड-लातूरच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर दोन प्रकारचे फोटो हमखास दिसतात. आधी लालभडक फुललेल्या गुलमोहराचे. मग वळवाचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडांचे, चेपलेल्या दुचाकींचे आणि लोंबकळणाऱ्या तारांचे.

या दुसऱ्या फोटोंखाली ठरलेली कमेंट असते: "घराजवळ झाडच नको." भीती खरी आहे. झाड पडून माणसं दगावतात, घरांची पत्रे मोडतात, वीज जाते. पण मराठवाड्याला झाडांशिवाय राहणं परवडणारंही नाही. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत लातूरचं नाव येतं. उन्हाळ्यात पारा चाळिशी पार करतो, तेव्हा रस्त्यावर जी काही सावली असते ती याच झाडांची.

त्यामुळे खरा प्रश्न झाड लावायचं की नाही हा नाही. कोणतं झाड, कुठे आणि कसं लावायचं, हा आहे. कारण झाड वादळाच्या दिवशी पडत असलं, तरी त्याच्या पडण्याची तयारी बऱ्याचदा ते लावलं त्याच दिवशी झालेली असते.

इथला वारा वेगळा कसा?

कोकणात चक्रीवादळ येतं तेव्हा दोन-तीन दिवस आधी इशारा मिळतो. मराठवाड्यात तसं होत नाही. इथे एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत दुपारी ऊन तापतं, चार-पाचच्या सुमारास आभाळ भरून येतं, धुळीचा लोट उठतो, एकदम गार वारा सुटतो आणि मग टपोरे थेंब पडतात.

पावसाच्या आधी वारा का येतो? ढगातून पडणारा पाऊस खालच्या तापलेल्या, कोरड्या हवेत येतो आणि त्याचा काही भाग वाटेतच वाफ होऊन जातो. वाफ होताना तो आजूबाजूच्या हवेतली उष्णता शोषून घेतो. हवा थंड होते, जड होते आणि वेगानं खाली कोसळते. जमिनीवर आदळली की ती चारही दिशांना पसरते. हाच तो सोसाट्याचा वारा. तो दहा-पंधरा मिनिटंच टिकतो, पण झटक्यानं येतो आणि दिशा बदलत राहतो.

झाडासाठी हा झटकाच धोक्याचा. ढोबळ हिशेब असा की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्याचा दाब चौपट होतो. म्हणजे ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात नुसतं डुलणाऱ्या झाडावर ६० किलोमीटरच्या वाऱ्यात चौपट जोर येतो.

वाऱ्याचा जोर ओळखण्यासाठी जगभर बोफर्ट मोजपट्टी वापरतात. तिच्यानुसार ताशी ६२ ते ७४ किलोमीटरच्या वाऱ्यात झाडांच्या डहाळ्या मोडतात. झाडं मुळासकट उपटली जाण्याची पायरी येते ताशी ८९ ते १०२ किलोमीटरला. त्यामुळे त्याहून बऱ्याच कमी वाऱ्यात एखादं झाड उन्मळून पडलं, तर वाऱ्याला दोष देण्याआधी त्या झाडाची मुळं आणि जागा तपासायला हवी.

मग गुलमोहरच का पडतो?

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. भराभर वाढतो, काही वर्षांतच सावली देतो, म्हणून शाळा, कार्यालयं आणि रस्त्यांच्या कडेला तो भरपूर लावला गेला. पण याच गुणांत त्याचं दुबळेपण आहे.

भराभर वाढणाऱ्या झाडांचं लाकूड बहुतेक वेळा हलकं आणि ठिसूळ असतं. गुलमोहराच्या फांद्या आडव्या, लांब पसरतात, त्यामुळे छत्रीसारखा मोठा पसारा तयार होतो. मुळंही खोल जाण्यापेक्षा वरच्या थरात पसरतात. त्यात वेळही वाईट जुळून येते. हिवाळ्याच्या शेवटी गुलमोहर पानं झाडतो आणि एप्रिल-मेमध्ये फुलं आणि नवी पालवी एकदम येते. म्हणजे वळवाचा वारा सुटतो नेमका तेव्हा झाडाचा माथा सगळ्यात जड असतो.

याचा अर्थ गुलमोहर वाईट झाड आहे असा नाही. मोकळ्या मैदानात, जिथे चारही बाजूंना मुळं पसरायला जागा आहे आणि खाली गाड्या-घरं नाहीत, तिथे तो छान वाढतो. चार फुटांच्या फूटपाथवर, विजेच्या तारांखाली लावला की तो धोका होतो.

जमिनीचा मुद्दा विसरू नका

नांदेड गोदाकाठी आहे आणि आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी खोल काळी माती आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, नांदेडपेक्षा बऱ्याच उंचीवर आहे. तिथे अनेक ठिकाणी हात-दोन हात मातीखाली मुरूम लागतो.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात तेव्हा त्या ताणात बारीक मुळं तुटतात. नंतर जोराचा पाऊस झाला की वरचा थर भिजून मऊ होतो आणि मुळांची पकड सैल पडते. पाणी साचून राहिलं तर मातीतली हवा संपते आणि मुळं खाली जायचं टाळतात. मुरमाड जमिनीत अडचण उलटी असते. पाणी निघून जातं, पण कडक थर फोडून मूळ खाली जात नाही.

शहरात यावर आणखी भर पडते. रस्ता रुंद झाला, नाली खोदली, केबल टाकली, पेव्हर ब्लॉक बसवले की प्रत्येक वेळी एका बाजूची मुळं कापली जातात. झाड वरून हिरवंगार दिसतं, पण एका पायावर उभं असतं. झाडाची बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि पसाऱ्याच्याही बाहेर लांबवर जातात. त्यामुळे बुंध्याला लागून खोदलेला चर झाडाचा मोठा आधार काढून घेतो.

वादळं झेललेल्या झाडांचा अभ्यास काय सांगतो?

अमेरिकेतलं फ्लोरिडा राज्य चक्रीवादळांचं माहेरघर आहे आणि तिथेही गुलमोहर, जॅकरांडा, सोनमोहर ही आपल्या ओळखीची झाडं रस्त्यारस्त्यावर आहेत. फ्लोरिडा विद्यापीठातल्या मेरी ड्युरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळापासून २००५ पर्यंतच्या अनेक वादळांनंतर कोणती झाडं पडली आणि कोणती उभी राहिली, याची पाहणी केली. वाऱ्यात टिकण्याच्या ताकदीनुसार झाडांचे चार गट केले.

गुलमोहर तिसऱ्या गटात, म्हणजे मध्यमपेक्षा कमी ताकदीच्या झाडांत गेला. पिवळ्या फुलांचा सोनमोहर, जॅकरांडा, शेंदरी फुलांची पिचकारी, सिल्व्हर ओक आणि सुरू ही झाडं तर सगळ्यात कमकुवत गटात गेली. आपल्याकडच्या कितीतरी वसाहतींत "शोभेची झाडं" म्हणून नेमकी हीच लावलेली दिसतात.

याच अभ्यासातल्या आणखी तीन गोष्टी मराठवाड्यासाठी कामाच्या आहेत. एकट्यादुकट्या झाडापेक्षा घोळक्यात वाढलेली झाडं जास्त टिकली. मुळांना मोकळी माती मिळालेली झाडं जास्त टिकली. आणि नीट छाटणी झालेली झाडं जास्त टिकली. फ्लोरिडाची माती रेताड, आपली काळी किंवा मुरमाड, त्यामुळे तिथली यादी जशीच्या तशी इथे लागू होत नाही. पण हे तीन नियम कुठेही लागू पडतात.

मग लावायचं काय?

झाड निवडताना चार प्रश्न विचारा. पूर्ण वाढल्यावर ते किती मोठं होईल? लाकूड दणकट आहे का? तुमच्या जमिनीत आणि तुमच्याकडच्या पाण्यात ते जगेल का? आणि ते पडलंच, तर कशावर पडेल?

*घराच्या अंगणासाठी, छोट्या जागेसाठी*

- पारिजातक: उंची कमी, वाऱ्याला आडवा येणारा पसारा कमी. फुलं पावसाळ्यात आणि त्यानंतर.
- सावनी: नर्सरीत लॅजेस्ट्रोमिया नावानं मिळते. गुलाबी, जांभळ्या, पांढऱ्या फुलांचे घोस येतात. फ्लोरिडाच्या पाहणीत ती सगळ्यात दणकट गटात होती.
- कॉर्डिया: भोकराच्या कुळातलं, नारिंगी फुलांचं छोटं झाड. नर्सरीत कॉर्डिया सेबेस्टेना असं पूर्ण नाव सांगून मागा. तेही त्या पाहणीत पहिल्या गटात होतं आणि पाण्याची ओढ सहन करतं.
- कांचन: फुलं देखणी, पण फांद्या फार दणकट नाहीत. कांचनाचा एक संकरित प्रकार फ्लोरिडात गुलमोहराच्याच गटात गेला होता. लावायचाच तर उंची आटोक्यात ठेवा.
- शंकासुर: गुलमोहरासारखाच लाल-केशरी रंग हवा असेल तर हे झुडूप लावा. पडायला मुळात उंचीच नाही.

*रस्त्याच्या कडेला, सोसायटीत, शाळेच्या आवारात*

- बकुळ: हळू वाढतो, पण लाकूड कठीण, पसारा आटोपशीर आणि पानं बारमाही. फुलं लहान असली तरी वास लांबवर जातो. पहिली तीन-चार वर्षं पाणी द्यावं लागतं.
- करंज: फिकट जांभळट-पांढऱ्या फुलांचा सडा, दाट सावली, खोल मूळ. काळ्या मातीत आणि कमी पाण्यात जगतो. फुलांचा थाट गुलमोहरासारखा नाही, पण भरवशाचं झाड.
- मेडशिंगी: दख्खनच्या कोरड्या माळरानातलं देशी झाड. पांढरी, सुगंधी फुलं. मुरमाड जमिनीतही तग धरते, म्हणून लातूरकरांनी हिचा विचार जरूर करावा.
- बहावा: उन्हाळ्यात पिवळ्या झुंबरांनी लगडणारं देशी झाड. पण देशी आहे म्हणून ते वाऱ्यात पडणारच नाही, असं गृहीत धरू नका. बहाव्याची खोडं किडकिडीत आणि वेडीवाकडी वाढतात. लहानपणापासून एक सरळ खोड राखलं आणि चार-पाच झाडं जवळ लावली, तर ती एकमेकांना आधार देतात.

*मोकळी जागा, शेताचा बांध, नदीकाठ*

- पळस: किनवट-माहूरच्या रानातलं हे झाड काळ्या मातीत, पाणी साचणाऱ्या जागीही जगतं. फुलं साधारण शिमग्याच्या आसपास, म्हणजे वळवाच्या आधीच येऊन जातात. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे रोप हलवण्यापेक्षा बी जागेवरच पेरलेलं बरं. वाढ मात्र फार संथ.
- ताम्हण: महाराष्ट्राचं राज्यफूल. लाकूड इतकं टिकाऊ की त्याच्या होड्या बनवत. पण हे मूळचं ओढ्या-नद्यांच्या काठचं झाड. नांदेडमध्ये गोदावरीच्या आसपास किंवा पाण्याची सोय असलेल्या बागेत चालेल. लातूरच्या मुरमाड माळावर पाण्याविना ते खुरटेल.
- काटेसावर: फुलं अप्रतिम, पण झाड प्रचंड मोठं आणि लाकूड मऊ. फक्त मोकळ्या रानात.

घराजवळ टाळण्यासारखी झाडं

गुलमोहर, सोनमोहर, जॅकरांडा, पिचकारी, सिल्व्हर ओक, पांगारा आणि बूच. बुचाची पांढरी, लांब दांड्याची फुलं सगळ्यांना आवडतात, पण झाड उंच आणि ठिसूळ असतं. ही झाडं आवडत असतील तर घर, रस्ता आणि तारा यांच्यापासून झाडाच्या पूर्ण उंचीइतकं अंतर ठेवा. तेवढी जागा नसेल तर दुसरं झाड निवडा.

रोप घेताना आणि लावताना

नर्सरीत सगळ्यांची नजर सगळ्यात उंच रोपाकडे जाते. तिथेच पहिली चूक होते. लहान पिशवीत दोन-तीन वर्षं अडकलेल्या उंच रोपाची मुळं आत गोल गोल फिरलेली असतात. जमिनीत लावल्यावरही ती गोलच फिरत राहतात. अशी झाडं पंधरा-वीस वर्षांनी वादळात बुंध्यापासून उपटतात, तेव्हा खाली मुळांचा नुसता गोळा दिसतो. त्यामुळे मध्यम उंचीचं, जाड खोडाचं रोप घ्या. पिशवी पूर्ण काढा आणि गोल फिरलेली मुळं मोकळी करा किंवा कापा.

काळ्या मातीत गुळगुळीत कडांचा खोल खड्डा कुंडीसारखा वागतो. आत पाणी साचतं आणि मुळं बाहेर पडत नाहीत. म्हणून खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा आणि कडा टिकावानं खरबरीत करा. मुरूम लागला तर तो फोडून घ्या. रोपाचा बुंधा मातीत गाडू नका. नर्सरीत माती जिथपर्यंत होती तिथपर्यंतच ठेवा.

आधाराची काठी लावताना रोप वरपर्यंत आवळून बांधू नका. वाऱ्यात थोडं हललं की खोड जाड होतं आणि मुळं पकड घट्ट करतात. काठीला जखडलेलं रोप उंच होतं पण लेचंपेचं राहतं. खालच्या अर्ध्या भागात, सैल, सुती पट्टीनं बांधा आणि वर्षभरात काठी काढून टाका. लोखंडी ट्री-गार्डही वेळेत काढा. नाहीतर तो खोडात रुततो आणि झाड नेमकं तिथूनच मोडतं.

पाण्याचंही असंच. रोज तांब्याभर पाणी दिलं तर ओल वरच राहते आणि मुळंही वरच राहतात. त्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर द्या, म्हणजे ओल खाली जाईल आणि तिच्यामागे मुळंही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातूरमध्ये हा हिशेब महत्त्वाचा आहे. पाहुण्यासारखं रोज पाणी मागणारं झाड टंचाईच्या वर्षी आधी कमजोर होतं आणि पुढच्या वादळात पडतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावा, आच्छादन करा आणि किमान तीन उन्हाळे सांभाळा.

छाटणी म्हणजे शेंडा उडवणं नव्हे

वादळाच्या भीतीनं अनेक जण झाडाचा शेंडाच उडवतात. कापलेल्या जागी मग पाच-सहा नव्या फांद्या झुबक्यानं फुटतात. त्यांचा सांधा वरवरचा असतो, जखमेतून खोड कुजत जातं आणि काही वर्षांनी याच फांद्या आधी तुटतात. तारांसाठी एकाच बाजूनं कापलेलं झाड तोल गमावतं, ते वेगळंच.

योग्य छाटणी झाड लहान असतानाच सुरू होते. एकच मुख्य खोड ठेवा. इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी अरुंद दुबेळकी दिसली तर एक फांदी काढा, कारण मोठेपणी झाड तिथेच दुभंगतं. सुकलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या उन्हाळ्याआधी काढा.

आधीच उभ्या असलेल्या झाडाचं काय?

सगळी जुनी झाडं धोकादायक नसतात. पण ही लक्षणं दिसली तर दुर्लक्ष करू नका: झाड नव्यानं कललं आहे, बुंध्याजवळची माती एका बाजूनं उचलली गेली किंवा तडकली आहे, खोडावर अळंबी उगवली आहेत, मोठी पोकळी आहे, किंवा नुकतंच शेजारी खोदकाम झालं आहे.

अशा वेळी स्वतः कुऱ्हाड उचलू नका. महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण व जतन कायद्यानुसार झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड तुमच्या अंगणातलं असलं तरीही. नांदेड-वाघाळा किंवा लातूर महापालिकेकडे फोटोसह लेखी अर्ज करा आणि पोहोच घ्या. झाड कोसळण्याच्या बेतात असेल तर अग्निशमन दलाला कळवा आणि खालून रहदारी थांबवा.

वाऱ्याला कोणी थांबवू शकत नाही आणि कोणतंही झाड शंभर टक्के सुरक्षित नसतं. पण या पावसाळ्यात रोप आणायला निघालात, तर सगळ्यात उंच आणि सगळ्यात लवकर फुलणारं मागू नका. हळू वाढणारा बकुळ किंवा करंज पहिली काही वर्षं फोटोत फारसा दिसणार नाही. पंधरा वर्षांनंतरच्या वळवात तो उभा असण्याची शक्यता मात्र बरीच जास्त आहे.